बिनविसणाचे पाणी

गेल्या बुधवारी आमच्या घरी दही लागले नाही. थंडी कडाक्याची होती आणि दूध पार निवल्यावर विरजण घातले गेले, यापलीकडे त्याला काही कारण नसावे. सकाळी भांड्यावरचे झाकण काढून यमुना, माझी पत्नी, बराच वेळ त्या दुधाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गनीभाई असते तर विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

"का लागलं नाही ते. त्यांनी ‘मालूम न्हाई’च म्हटलं असतं. पण विचारलं असतं."

गनीभाईंना जाऊन चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात आहे. लिहायला बसतो आणि थांबतो. मी शाळामास्तर, गोष्ट सांगून झाली की खाली तात्पर्य लिहायचे ही माझी जन्माची सवय. गनीभाईंच्या खाली कोणते तात्पर्य लिहावे ते मला अजून सुचलेले नाही. म्हणून आठवेल तसे लिहितो.

आमचे गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याहून दोन कोसांवर. मी इथे नोकरीवर आलो तेव्हा गावात सरकारी म्हणाव्या अशा तीन जागा होत्या: चावडी, शाळा आणि दवाखाना. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. डॉक्टर तालुक्याच्या गावी राहत आणि बाजाराच्या दिवशी येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे अब्दुल गनी कंपौंडर.

ते मूळचे बीडचे. उंच, जरासे वाकलेले, अंगात एक जुनी शेरवानी. तिची वरून दुसरी गुंडी तुटलेली होती आणि तिच्या जागी त्यांनी औषधाच्या बाटलीचे बूच दोऱ्याने शिवून टाकले होते. ते येण्याच्या आधी कार्बोलिकचा वास येई. एका यंत्रात (त्याची हकीकत पुढे येईल) बघून बघून त्यांचा डावा डोळा नेहमी अर्धा मिटलेला असे, त्यामुळे ते समोरच्याला काहीतरी खुणावताहेत असे वाटे. परगावचे लोक गोंधळून मागे वळून बघत.

औषधाच्या बाटलीवर ते कागदाची पट्टी चिकटवत आणि तिला कात्रीने खाचा पाडत. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. दुसरीकडे या खाचा सरळ असतात. गनीभाई सकाळची खाच अर्धगोल कापत, दुपारची पूर्ण गोल आणि संध्याकाळची त्रिकोणी. एका आंधळ्या म्हातारीला ती पट्टी अंगठ्याने वाचता येई. तिने एकदा त्यांची पट्टी चाचपून सांगितले होते, "गनी, आज तुझं मन थाऱ्यावर न्हाई. दुपार दोनदा झाली."

आमच्या घरी ते आले की ओट्यावर बसत. आमचे घर जुन्या वळणाचे. उंबऱ्याच्या आत ते कधी आले नाहीत आणि आम्ही कधी बोलावले नाही. खिशातून स्वतःचा कटोरा काढून ते समोर धरत आणि आमच्या घरातले कोणी वरून पाणी ओतत असे. त्यांना याचे काही वाटत नाही असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो. आता तशी खात्री देता येत नाही.

माझ्या आईचे आणि त्यांचे मात्र चांगले जमे. आईला पित्ताचा त्रास होता. गनीभाई तिच्यासाठी सोड्याच्या पुड्या बांधून आणत, आणि ती घेतल्यावर आई त्यांना रागे भरत असे.

"गनी, तुझ्या त्या किड्यांना सांग, आमच्या घरी सोवळं असतं."

"आई, त्यांना सोवळं कळत न्हाई. उकळी कळती."

"कपिलधारच्या यात्रेला जाऊन आले मी. तिथलं पाणी आणलंय. तेही उकळू?"

"लई चांगलं पाणी हाय कपिलधारचं," गनीभाई म्हणत. "उकळून तर अजून चांगलं लागंल."

‘किडे’ हा आईचा शब्द. गनीभाई ‘जंतू’ म्हणत, आणि त्या जंतूंच्या मागे ते का लागले याची हकीकत अशी की एका बदली झालेल्या डॉक्टरांनी जाताना एक मोडकी खुर्दबीन, म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र, अडगळीत टाकून दिली होती. गनीभाईंनी ते यंत्र लाखेने आणि दोऱ्याने जोडले. त्याची काच एका कडेला तडकली होती. तरी दुपारचे रोगी संपले की ते पडवीत बसून त्यात डोळा घालत: डबक्याचे पाणी, दाताचा मळ, माशीचा पाय, दही.

एकदा त्यांनी ते यंत्र चावडीवर नेले. आमचे पोलीस पटेल मोठे रांगडे गृहस्थ. त्यांनी डबक्याच्या पाण्याचा थेंब बघितला आणि मागे सरकले.

"हे काय वळवळतंय बे?"

"पाण्यातले जीव हायेत, पटेल."

"अन् हे माणूस मारतेत?"

"हे न्हाई. हे गरीब हायेत."

मग गनीभाईंनी गावच्या विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवला. पटेलांनी खूप वेळ बघितले. "कोरं हाय. काईच न्हाई."

"असू शकतात, पटेल. माझ्या काचेला दिसत न्हाईत. मारणारे याच्याहून लई बारीक. हैदराबादला मोठी खुर्दबीन हाय, तिच्यात दिसतात म्हणं."

पटेलांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे बघ गनी, जे दिसतंय ते मारत न्हाई, अन् जे मारतंय ते दिसत न्हाई. लई भारी इल्म हाय बे तुझा!"

सारी चावडी हसली. गनीभाईही हसले, आणि यंत्र फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "दिसत न्हाई म्हंजे न्हाई, असं न्हाई, पटेल."

हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. दुसरे ठरलेले वाक्य ‘मालूम न्हाई. पर हाय.’ या दोहोंवर त्यांचा संसार चाले. मी पुस्तके वाचणारा माणूस. कोणी ‘ठाऊक नाही’ म्हणाले की त्याला पुढे विचारण्यात अर्थ नाही असे मला वाटे. गनीभाईंचे बोलणे मात्र तिथून सुरू होई. प्लेगच्या गाठीबद्दल मी एकदा विचारले होते, की पिसू चावते पायाला आणि गाठ येते जांघेत, हे कसे? ते म्हणाले, "गाठ म्हंजे रोग न्हाई, मास्तर. गाठ म्हंजे करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा, नाका. जंतू रक्तात जायला निघतो, तिथं शरीराचे शिपाई त्याला अडवतात. तिथं जी मारामारी होती, ती सूज." मग थोडे थांबून: "कधी शिपाई जिंकतात, कधी न्हाई. कावून, ते मालूम न्हाई."

आता मला पटकीच्या सालाविषयी लिहिले पाहिजे. हे मी जितके लांबवता येईल तितके लांबवले आहे.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांतून पटकी सुरू झाली. जुलाब, उलट्या, आणि एका दिवसात माणूस सुकून जाई. आमच्याकडे ती यायची होती तेव्हाच वरून हुकूम आला. राज्य हैदराबादचे, म्हणून तो उर्दूत होता. उर्दू हुकूम मराठीत उतरवून द्यायचे काम माझ्याकडे असे. गनीभाई तो घेऊन शाळेत आले. त्यात पुष्कळ होते, पण मुख्य वाक्य एक: ‘पानी को जोश देकर, ठंडा करके पिया जाए.’ मी लिहिले, ‘पाणी उकळून, गार करून प्यावे.’ छोटे, सरळ वाक्य झाले म्हणून मला बरे वाटले. गनीभाईंनी ते दोनदा वाचून घेतले. "लई साफ," ते म्हणाले. तीच दवंडी गावात फिरली.

गावाने ऐकले, हे विशेष. पटेल मनावर घेऊन दारोदार गेले होते. जळणाची टंचाई असताना घरोघर चुलीवर हंडे चढले. आणि आठव्या-नवव्या दिवशी पटकी आलीच. आधी वेशीजवळच्या दोन घरांत, मग मधल्या आळीत. डॉक्टर नदीकाठच्या गावांत अडकले होते. गनीभाई प्रत्येक घरी जाऊन उंबऱ्याबाहेरून विचारत.

"उकळलं का पाणी?"

"उकळलं."

"बुडबुडे आलते?"

"खळखळ उकळलं की! चुलीपुढं कोण बसलंतं, तुमी का आमी?"

कोणी खोटे बोलत नव्हते. घराघरातून वाफ निघताना गनीभाईंनी स्वतः बघितली होती. बाहेरून तेवढेच दिसे.

आमच्या घरी आई पडली. पहाटे सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. गनीभाई ओट्यावरून हलले नाहीत. यमुनाकडून मिठाची पेज करवून घेत होते, ती आईच्या पोटात ठरत नव्हती. शेवटी तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणे धुतल्यासारखी सुरकुतली आणि आवाज बसून गेला. तिने खुणेने पाणी मागितले. ते मीच दिले.

तिने उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरे पाणी घेतले नव्हते. हे मी शपथेवर सांगायला तयार होतो.

तिसऱ्या दिवशी पटेल दवाखान्यात आले. या वेळी ते हसत नव्हते. "गनी, लोकांनी कुडाच्या काड्या मोडून चुलीत घातल्या. उकळलेलं पाणी पिऊन मेलेत लोक. मास्तरच्या घरात मेलं माणूस, ज्यानं दवंडी लिहिली. पुढच्या बाजारापर्यंत बघतो. न्हाई थांबलं, तर मीच दवंडी देतो, की उकळणं बंद."

"पटेल, बंद केलं तर जी चार घरं वाचलीत तीबी जातील."

"कशावरून?"

बाजाराला पाच दिवस होते. गनीभाई मला म्हणाले, "मास्तर, कुटंतरी भोक हाय. पाणी मरतंय, मंग पुन्हा जितं कसं होतंय? कावून?" त्या दिवसांत त्यांनी किती वेळा ‘कावून’ म्हटले असेल याला गणती नाही.

आईच्या सुतकात ते भेटायला आले. उन्हातून आले होते. ओट्यावर बसले, कटोरा पुढे केला. यमुना आतून पाणी घेऊन आली. नुकतेच चुलीवरून उतरवलेले होते. कटोऱ्यात पडताच गनीभाईंनी हात मागे घेतला.

"फार कढत आहे का? थांबा," यमुना म्हणाली. आत गेली, रांजणातून गडवा भरून आणला आणि त्यातले गार पाणी त्यांच्या कटोऱ्यात ओतले. "घ्या आता."

गनीभाई कटोऱ्याकडे बघत राहिले.

"वहिनी, हे काय घातलं?"

"विसण."

विसण म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. अंघोळीचे कढत पाणी सोसेल असे करण्यासाठी त्यात गार पाणी घालतात, ते विसण. गनीभाईंच्या घरीही ते अंघोळीला घेतच असत.

"प्यायच्या पाण्याला?" त्यांनी विचारले.

"तर काय? दवंडीत सांगितलंय ना, गार करून प्या. गार दुसरं कसं करणार?" यमुनाने माझ्याकडे बघितले. "सगळ्याच घरी असंच करतात."

"रांजणातलं पाणी कुटलं?"

"विहिरीचं." गडवा तिच्या हातातच होता. "म्हणजे आईंना..."

"न्हाई वहिनी," गनीभाई घाईने म्हणाले. "तुमी न्हाई. मी सांगितलं उकळा. निववा कसं, ते मी सांगितलं न्हाई."

आईला रोजचा तांब्या मीच भरून देत होतो, शेवटचे दोन दिवसही. पोळेल म्हणून प्रत्येक तांब्यात मी विसण घालत होतो. जन्मभर घालत आलो तसे, हाताला कळूही न देता. आणि ‘गार करून’ हे माझेच शब्द. ‘करून’ म्हटले की बाई काहीतरी करणार. ‘होऊ द्यावे’ म्हटले असते तर झाकून ठेवले असते. एवढाच फरक. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना असल्या फरकावरून छड्या मारलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका यमुनाला भेटायला अंगणात जमल्या होत्या. गनीभाईंनी तीच वेळ साधली. ओट्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, पाणी उकळा, झाका, आपोआप निवू द्या, विसण घालू नका. बायकांमध्ये कुजबुज झाली. आळीतल्या वयाने सर्वांत थोर सोनाकाकू पुढे सरकल्या.

"बिनइसणाचं पाणी मढ्याच्या अंगावर घालतेत, कंपौंडर. जित्या माणसाला कावून पाजायचं?"

ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती खरी होती. कढत पाण्यात चार थेंब का होईना विसण पडलेच पाहिजे, नाहीतर ते प्रेताचे पाणी; हे मीही आजीकडून ऐकत मोठा झालो होतो.

गनीभाईंनी कटोरा काढला. "वहिनी, चुलीवरचं घाला. कोरं."

यमुनाने घातले. त्यांनी फुंकर मारली न मारली आणि घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आले.

"आजपासून मला मढं समजा, काकू."

"मढ्याला पोळलं गं!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि सुतकाच्या घरात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. यमुनासुद्धा.

"आता सांगा," जीभ सावरत गनीभाई म्हणाले, "दही कसं लावता?"

"आता गं बया! बायकांची कामं पुसतोय ह्यो," सोनाकाकू म्हणाल्या. "दूध तापवायचं, कोमट झालं की बोटभर इरजण घालायचं."

"इरजण न घालता?"

"न्हाई लागत."

"अन् कढत दुधात इरजण घातलं तर?"

"मरतंय की इरजण."

"कोण मरतंय?"

"इरजण!"

"पर त्यात मरायला कोण हाय, काकू? कुणी बघितलंय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक नवी सून हळूच म्हणाली, "दिसत न्हाई. पर हाय."

गनीभाई तिच्याकडे वळले. वीस वर्षे जे त्यांना काचेतून दाखवता आले नव्हते ते या बायकांना रोजच ठाऊक होते. "हौ," ते म्हणाले. "हाय. तसंच पाण्यात हाय. तुमी उकळता, सारे मरतात. मंग वरून विहिरीचं घालता. ते इसण न्हाई, काकू. इरजण हाय. पाण्याला इरजण लावता तुमी."

मग सोनाकाकू म्हणाल्या, "मंग हे आधी सांगाया काय झालंतं रे मुडद्या?"

"आजच मेलो ना, काकू," गनीभाई म्हणाले. "आधी मलाबी ठाऊक नव्हतं."

मी नवी दवंडी लिहिली: ‘पाणी उकळावे, झाकावे, आपोआप निवू द्यावे. विसण घालू नये.’ गनीभाईंनी घरोघर जाऊन निवलेल्या पाण्याच्या माठाच्या गळ्याला लाल दोरा बांधायला लावला, म्हणजे दोन पाण्यांत गल्लत होणार नाही. प्रत्येक घरी उभे राहून ते कटोराभर पाणी पीत, कढत तर कढत. "मढं आलं, पाणी द्या," अशी आळीत हाक उठे. त्यांची जीभ महिनाभर सोललेली होती. बाजाराचा दिवस आला आणि गेला. पटेल चावडीवर बसून राहिले. उकळणे बंद करायची दवंडी त्यांनी दिली नाही.

पटकी ओसरली. मोठ्याने सांगावे असे हे यश आहे, आणि लोक तसे सांगतातही. पण त्याच सुमारास हवा पालटली होती, विहिरीला नवे पाणी आले होते, आणि शेजारच्या एका गावात, जिथे कोणी काहीच उकळले नाही, तिथेही ती थांबली. मी गनीभाईंना विचारले, "विसण सोडल्यामुळेच थांबली का?"

"मालूम न्हाई, मास्तर."

"मग इतकी जीभ भाजून घेतलीत ती?"

"मालूम न्हाई म्हणून तर."

मला त्यांच्याकडून दुसरेच काही हवे होते. यमुना त्याच रांजणातले विसण घेत होती, मीही घेत होतो. आम्हाला काही झाले नाही, आई गेली. का? मी हे अनेकदा, अनेक प्रकारे विचारले. ते न कंटाळता सांगत. जंतू पोटात जातो. पोटात आंबट असते, त्यात पुष्कळ मरतात. जे सुटतात ते पुढे आतड्यात जातात, भिंतीला चिकटतात, एकाचे दोन, दोनाचे चार होतात. "ते मांस खात न्हाईत, मास्तर. ते विष सोडतात. त्या विषानं आतडं आपलंच पाणी सोडून देतं. पखालीला भोक पडत न्हाई; पखाल धड असती. तिचं तोंड बांधायचं राहून जातं, बस्स."

"पण आमचं तोंड बांधलेलं राहिलं, आणि तिचं सुटलं."

"हौ."

"कावून?" मी त्यांचाच शब्द वापरला.

ते काचेला फडके लावत बसले. मी वाट बघितली. उत्तर आले नाही, आणि त्यांनी ‘मालूम न्हाई’ही म्हटले नाही. हे मला तेव्हा जाणवले नाही.

त्याचा उलगडा बारा-तेरा वर्षांनी झाला, त्याला उलगडा म्हणता येत असेल तर. गनीभाईंची नोकरी संपली होती. खुर्दबीन त्यांनी घरी आणली होती. सरकारी दप्तरात ती मोडकी म्हणून आधीच खोडलेली होती. एके दिवशी ते शाळा सुटल्यावर आले. ओट्यावर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्तर, आईंना सोड्याच्या पुड्या मीच देत होतो."

मला आठवले. "हो. पित्तासाठी."

"सोडा आंबट मारतो. पोटातलं आंबट मेलं, तर जंतू सुटतात. पुस्तकात हाय. उर्दू पुस्तक हाय माझ्याकडं, हैदराबादचं." त्यांचा अर्धा मिटलेला डोळा पूर्ण मिटला. "तुमी इचारलंत तेव्हा मी ते वाचलेलं होतं. सांगितलं न्हाई."

माझा शब्द होता, माझा हात होता, यमुनाचा गडवा होता, त्यांची पुडी होती. त्यात आईचे वय, उन्हाळा, विहीर. यांतले कोणते काढून घेतले असते तर ती राहिली असती? मी त्यांना तसेच सांगितले. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. आतून यमुना पाणी घेऊन आली. त्या दिवशी तिने ते वरून ओतले नाही. घरातला पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि ते इतका वेळ लावून प्यायले की मला दुसरीकडे बघावे लागले.

ते गेले ते तापाने. कसला ताप, यावर हकीम एक म्हणाले आणि डॉक्टर दुसरे. मी शेवटच्या आदल्या दिवशी त्यांच्याजवळ बसलो होतो. ग्लानीत होते. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "मास्तर, हाय काहीतरी."

"काय आहे?"

ते हसले. पुढचे वाक्य मला ठाऊक होते, त्यामुळे त्यांना ते म्हणावे लागले नाही.

सकाळी त्यांच्या अंगणात माणसे जमली. एका कोपऱ्यात चादरीचा आडोसा केला होता. तिथे मय्यताला अंघोळ घालणार होते. चुलीवर मोठ्या देगचीत बोरीची पाने टाकून पाणी तापत होते. मी त्या चुलीजवळ उभा होतो, कुठे उभे राहावे ते न समजून. अंघोळ घालणारे म्हातारे गृहस्थ आडोशामागून बाहेर आले, देगचीत बोट बुडवून त्यांनी हात झटकला.

"लई गरम हाय. कोमट लागतंय. मास्तर, तुमी जवळ हाव, जरा थंड पानी देव की."

म्हणजे त्यांच्यात प्रेताच्या पाण्याला विसण घालतात. शेजारी इतकी वर्षे राहून मला हे माहीत नव्हते.

भिंतीशी दोन माठ होते. एक साधा, तोंडापर्यंत भरलेला, सकाळीच कोणीतरी विहिरीवरून आणलेला. दुसऱ्याच्या गळ्याला लाल दोरा होता. त्यात तळाशी थोडे पाणी उरले होते. ताप चढायच्या आधी त्यांनी स्वतः उकळून, झाकून, निवत ठेवलेले.

मी लाल दोऱ्याचा माठ उचलला आणि देगचीत ओतला.

म्हातारे माझ्याकडे बघत होते. "ते प्यायचं हाय ना, मास्तर? मय्यतला काय फरक पडतो?"

"मालूम न्हाई," मी म्हणालो, आणि माठ उपडा करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला.